ताटाचं स्टेअरिंग

"ताट घे हातात. आता चालव गाडी. मग देतो कार्ड."

नांदगाव पेठची कपड्याची कंपनी. दुपारची सुट्टी. ठेकेदार कॅन्टीनच्या टेबलावर पाय टाकून बसलेला. आमी पोट्ट्या बाकांवर. मी त्याले फक्त माह्यं आधार कार्ड मागतलं होतं. कामावर घेताना त्यानं सगळ्यायचे कार्ड घेतले अन् कपाटात कुलपात ठेवले. मले लर्निंग लायसन काढाचं होतं.

"गाडी? तू?" तो हसला. "बाप आमच्या बांधाले मेथी लावते, अन् पोरीले गाडी पायजे."

ताट उष्टंच होतं. ते दोन्ही हातांत धरून मी बाकांमधून फिरली. वरणाचा ओघळ मनगटावर आला.

"हॉर्न कोण वाजवन?"

वाजवला. तोंडानं. पीं पीं.

सगळ्या हसल्या. माह्या डब्यातलं खाणारी प्रमिलाही हसली. ती हसते का नाई, हेच तो पाहून राहिला होता.

कार्ड देलं नाई. म्हणे, "तुले ब्रेक मारता नाई आला."

लायसन काहून पायजे होतं? आमच्या गावाहून शिफ्टच्या टायमाले एसटी नाई. ठेकेदाराचीच गाडी. शिफ्ट सुटे तीनले, गाडी निघे त्याच्या मर्जीनं. पाच, साडेपाच. तोवर कापडाचे थान मोजा, झाडू मारा. फुकट. नाई म्हणलं, की "मंग जाय पायी." मामानं जुनी स्कुटी देली होती. ती चालवता आली असती, तर मले त्याची गाडी लागली नसती. हे त्याले माह्याआधी समजलं होतं.

घरी सांगतलं. माय म्हणे, "कायले त्याच्या नादी लागतं? आपला पाण्याचा पाइप त्याच्या वावरातून येते."

बाबा सकाळी टोपलंभर मेथी त्याच्या घरी देऊन आले. माफी म्हणून. गुन्हा कोणता, मी इचारलं नाई.

मग रोज गाडीत चढली, की मागून कोणीतरी पीं पीं करे. मी खिडकीबाहेर पाहो. उतराले जागाच नव्हती. ना गाडीतून, ना घरातून.

एका सुट्टीले अमरावतीत सेतू केंद्रात गेली. नवीन कार्ड काढाले. तिथल्या ताईनं इचारलं, "जुनं कुठी हाये?"

"हरवलं." मग मीच म्हणलं, "नाई. ठेकेदारानं ठेवलं."

तिचे हात थांबले. "त्याले काय हक? अन् लायसनले कार्ड कायले पायजे? नंबर पाठ हाये ना? मोबाइल जोडला हाये ना?"

दोन्ही होतं. चार महिने मले वाटे, मीच त्या कपाटात बंद हाये. कपाटात निस्तं प्लास्टिक होतं.

तिथंच कॉम्प्युटरवर लायसनची परीक्षा देली. कॅमेरा चेहरा पाहे, मान खाली घालता येत नव्हती. पास झाली. प्रिंट हातात आली, तेव्हा रडू नाई आलं. राग आला. सोताचा. मी हॉर्न काहून वाजवला?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ठेकेदार म्हणे, "थान मोजाचे हायेत."

"शिफ्ट सुटली. मी मोजत नाई."

"मंग जाय पायी."

गेली. स्कुटी शिकाची अजून बाकीच होती. हायवेच्या कडेनं, उन्हातून. मागून त्याची गाडी आली अन् निघून गेली. आत प्रमिला होती. कोणी उतरलं नाई.

तिसऱ्या दिवशी पाइप तुटलेला. बाबा वावरात बसून होते. तेव्हापासून माह्याशी बोलत नाई.

मी दोन अर्ज देले. तहसिलात पाण्याचा, कामगार ऑफिसात सगळ्यायच्या कार्डांचा. प्रमिला म्हणे, "माह्यं नाव नको टाकू." नाई टाकलं. दोन्हीवर एकच सही हाये.

माय रोज म्हणते, "एकडाव जाऊन चुकलं म्हण. सुटते सगळं."

मी नाई म्हणणार. वावर वाळो, काम जावो. मी चुकली नाई. म्हणणार नाई.