आत्या आणि चाळीस मिक्सर

रत्नागिरीत माणसाला खरं बोलायला लावणारी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे आमच्या आतेसासूबाईंचा मिक्सर दुरुस्तीचा गाळा. देवळात माणूस देवाशी घासाघीस करतो, डॉक्टरपासून निम्मं लपवतो. पण आत्यांच्या त्या आठ बाय दहाच्या खोलीत भलेभले कबुली देऊन बाहेर पडलेले मी पाहिले आहेत. बंद पडलेला मिक्सर टेबलावर ठेवला, की आत्या त्याला हात लावत नाहीत. आधी चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघतात आणि विचारतात, "काय वाटलंत यात? खरं सांगा." गिऱ्हाईक म्हणतं, "खोबरं." मग आत्या भांडं नाकाशी नेतात. "खोबऱ्याला सुंठीचा वास कधीपासून यायला लागला?" एकदा एक सरकारी अधिकारी जीप बाहेर उभी करून आले आणि आमच्याकडे चटणीशिवाय काही वाटतच नाहीत म्हणून अडून बसले. आत्यांनी भांडं टेबलावर उलटं आपटलं. पात्याखाली अडकलेला हळकुंडाचा तुकडा टणकन बाहेर पडला. "ही चटणी तुमच्याकडे हातोडीने खातात काय?" साहेबांनी मान खाली घातली. हळद बायकोने नव्हे, आपण स्वतःच दळली, हेही त्यांनी कबूल केलं. ते तर कोणी विचारलंही नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. मी घाटावरची, लग्न होऊन इथे आले तेव्हा या बाईंना मी चळचळा कापायची. त्यांचे यजमान बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा गाळा घेतला. हात सोन्याचा, पण गिऱ्हाइकाशी बोलायचा भयंकर कंटाळा. डबा घेऊन जाणाऱ्या आत्या त्यांच्या वतीने बोलायला म्हणून तिथे बसू लागल्या आणि बोलता बोलता मोटारीतले कार्बन ब्रश, भांड्याखालचा कपलर, तारांचं वाइंडिंग सगळं शिकल्या. हे काका गेले, तेव्हा तेराव्याच्या जेवणानंतर घरच्या पुरुषांनी पडवीत बसून गाळा एका मोबाइलवाल्याला द्यायचं ठरवलं. आत्यांना कोणी विचारलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी स्वतः शटर वर केलं. आत्यांचे थोरले दीर धावत आले. बाईमाणसाने एकटीने असला धंदा करणं बरं दिसत नाही, म्हणाले. "मिक्सर चालवायचा बाईने, आणि बिघडला की उघडायचा पुरुषाने? हे कोणी लिहून ठेवलंन?" आत्यांनी विचारलं, आणि आलाच आहात तर जरा ती शिडी धरा, असंही सांगितलं. दिरांनी शिडी धरली.

तेव्हापासून ही पेढी एकहाती आहे, पण फोन करणाऱ्याला तसा संशय येत नाही. "थांबा हं, वर्कशॉपला विचारते," असं म्हणून आत्या रिसीव्हर छातीशी धरतात, "झाला का गो तो लाल मिक्सर?" असं ओरडतात, आणि मग जरा जाड्या आवाजात स्वतःच उत्तर देतात, "वेळ लागेल!" गुडघा दुखत असला की 'आज स्टाफ रजेवर आहे' अशी पाटी लागते. बाजारात ताजे बांगडे आले की दुसरी पाटी लागते, 'बांगडे आलेत. चारनंतर या.' माझा नवरा मिरजोळ्याच्या एका कारखान्यात आहे आणि धंदा कसा करावा यावरची पुस्तकं वाचतो. तो एकदा म्हणाला, "आत्या, गिऱ्हाईक म्हणजे देव." आत्या म्हणाल्या, "देव हळकुंडं घेऊन येत नाही रे." धंद्याचे त्यांचे स्वतःचे धडे आहेत, आणि ते कोणत्याही पुस्तकात नाहीत. 'उद्या देते' असं कधी म्हणायचं नाही, 'झालं की देते' म्हणायचं. कारण उद्याचं आपण सांगू शकत नाही, झालं की नाही ते सांगू शकतो. ज्याला फार घाई, त्याचं काम मुद्दाम सावकाश करायचं, कारण घाईतल्या माणसाने यंत्राला आधीच पुरेसं छळलेलं असतं. आणि एकट्याने धंदा करायचा तर जेवण वेळेवर करायचं, कारण मालकही आपण आणि उपाशी राहिलेला कामगारही आपणच, मग संप झाला तर बोलणी कोणाशी करणार?

असा सगळा रुबाब चालला असताना तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, आत्या घरामागच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. गणपतीला आठ दिवस होते आणि गाळ्यात चाळीस मिक्सर पडलेले. ज्यांनी कोकणातला गणपती पाहिला आहे त्यांना यातलं गांभीर्य सांगायला नको. मुंबईहून घरोघर माणसं येणार, सकाळ-संध्याकाळ पंगती उठणार, आणि मिक्सर आत्यांच्या फळीवर. घरच्या पडवीत पुन्हा बैठक बसली. या वेळी माझा नवराही गाळा देऊन टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूचा झाला. त्याच सुमारास शहरात नव्याने सुरू झालेल्या एका मिक्सर कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस फुलं घेऊन भेटायला आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "काकू, आता आराम करा. तुमची सगळी कामं आम्ही उचलतो, गाळाही आम्हीच चालवू. नाव हवं तर तुमचं ठेवू." आत्यांनी फुलं डाव्या हाताने घेतली. "नावं ठेवायला लोक आहेत की. तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हणाल्या. पण तो गेल्यावर कितीतरी वेळ त्या प्लास्टरकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता शटर उघडलं होतं. ते मी उघडलं होतं, कारण मी बँकेत नोकरीवर जायच्या तयारीत असताना सात वाजता आत्यांचा फोन आला होता, "सूनबाई, बँकेत सांग, आज पोट दुखतंय." पहिले गिऱ्हाईक एक निवृत्त मास्तर होते. ते बिचारे आपला मिक्सर दुरुस्त न होताच परत न्यायला आले होते. आत्यांचा हात बघून हळहळले. "असू दे हो, दुसरीकडे दाखवतो," म्हणाले. आत्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

"बसा. तो स्क्रू ड्रायव्हर घ्या."

"मी?"

"मग काय शाळेतला शिपाई? पालथा घाला मिक्सर. चार स्क्रू दिसतायत? डावीकडे फिरवा. डावीकडे हो! इतकी वर्षं पोरांना दिशा शिकवलीत ना?"

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. पण अर्ध्या तासाने झिजलेला ब्रश निघाला, नवा बसला, आणि मिक्सर घुर्रर्र करून फिरला. मास्तर उभे राहिले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग ते घरी गेलेच नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून त्यालाही 'डावीकडे, डावीकडे' सांगू लागले.

पुढचे पाच दिवस त्या गाळ्यात जे चाललं होतं त्याला कारखाना म्हणावं की शिकवणी, मला ठरवता येत नाही. खोक्यांवर, उलट्या बादल्यांवर, पायरीवर गिऱ्हाइकं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःचा मिक्सर, आणि मधोमध गळ्यात हात अडकवलेल्या आत्या. ओटी भरायला निघालेली एक बाई नऊवारी सावरत कपलर काढत होती. भाट्याहून आलेले एक नारळवाले कोयत्याच्या सवयीने स्क्रू ड्रायव्हर धरत होते आणि शिव्या खात होते. वाइंडिंग जळलेले तीन मिक्सर मात्र आत्यांनी स्पष्ट बाजूला ठेवले. "हे नाही होणार. पाटा-वरवंटा काढा, गणपतीला चालतो." चौथ्या दिवशी सेवा केंद्राचा तो माणूस काय चाललंय ते बघायला आला. आत्यांनी त्याच्याही हातात एक मिक्सर दिला. त्याला पहिला स्क्रूसुद्धा सुटेना, कारण केंद्रात त्याचं काम म्हणे फक्त पावती करण्याचं होतं. मास्तरांनी त्याला शिकवलं. जाताना तो आत्यांच्या पाया पडला, आणि गाळ्याबद्दल पुन्हा कधी काही बोलला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी फळी रिकामी झाली. मी म्हटलं, "आत्या, आता सगळ्यांनाच उघडता यायला लागलं. उद्या तुमच्याकडे येणार कोण?"

"येतील गो. उघडता सगळ्यांना येतं. बंद करता येत नाही."

आणि खरंच आले. दसऱ्यापर्यंत निम्मी रत्नागिरी पिशवीत सुटे भाग आणि दोन उरलेले स्क्रू घेऊन गाळ्यासमोर उभी होती.

प्लास्टर निघालं, तरी आत्यांनी पद्धत बदलली नाही. 'मिक्सर ज्याचा त्याने उघडावा' अशी पाटीच लावली. लोक म्हणायचे, बाईला हुकूम सोडायची चटक लागली. मीही हसून तेच सांगायचे. माघात एके दिवशी दुपारी डबा घेऊन गेले, तर गाळ्यात कोणी नव्हतं. आत्या एकट्याच एका मिक्सरवर वाकल्या होत्या. स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसत होता, पण बोटं वळली की सुटत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा प्रयत्न केला. तेवढ्यात मी दिसले.

"गंजतात मेले हल्लीचे स्क्रू," त्या म्हणाल्या.

स्क्रू नवे, चकचकीत होते. मी डबा बाजूला ठेवला, स्टूल ओढलं आणि त्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्यांनी तो दिला. बाहेर उन्हात रस्ता ओस पडला होता. मी एकेक करून चारही स्क्रू काढले आणि त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवले. आत्यांनी मूठ मिटली. पुरती मिटायला जरा वेळ लागला. मी तेवढा वेळ मिक्सरच्या आत बघत राहिले.