तीस सेकंदांत आठ

टेलरबाईंना आपल्याला हाडं आहेत याची आठवण झाली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाठीचा मणका दबून मोडला तेव्हा. कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्या लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या आणि संध्याकाळी घर गाठायच्या. घरात दोनच माणसं, त्या आणि लेक. लेक एकोणतीस वर्षांची. जन्मापासून पायात जोर नाही, पण जीभ आईच्या कात्रीपेक्षा धारदार. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, तिथून परत, असं सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसातून सहा वेळा तिला उचलायचं. इतकी वर्षं बाईंनी एकटीने उचललं. बाप म्हणवणारा कधीच पसार झाला होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, तुमची जरा जास्तच झालीत, आता वजन उचलायचं नाही, असं सांगून मोकळे झाले. वजन म्हणे! दुसऱ्याच दिवशी बाईंचा भाऊ अपंगांच्या संस्थेचा फॉर्म घेऊन हजर. त्याचंही अगदीच चूक नव्हतं, पण तो फॉर्म लेकीच्या डोळ्यांदेखत टेबलावर ठेवायची काही गरज होती का? लेकीने तो उचलून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. भाऊ गेल्यावर बाईंनी तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि म्हणाल्या, "मला उचलता येतंय तोवर तू कुठेही जाणार नाहीस." चांगल्या मनाने म्हणाल्या हो, पण बोलून बसल्या.

मग सुरू झाला तो व्यायामाचा वर्ग. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, आठवड्यातून तीन सकाळी. वीसेक बायका, सगळ्यांची पाळी गेलेली, कमरेला पट्टे आणि तोंडाला कसलाच पट्टा नाही. शिकवणारी मॅडम बाईंच्या लेकीच्या वयाची. नाव नोंदवायच्या कागदावर तिने विचारलं होतं, कधी हाड मोडलंय का, आणि घरी जड उचलता का. बाईंनी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर खुर्चीत बसून हात हलवणाऱ्या बायकांत टाकलं असतं, आणि बाईंना हव्या होत्या त्या वाळूच्या पिशव्या, ज्या अंगाला बांधून उठबस करायची. तेवढ्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

पहिल्या दिवशी चाचणी झाली. हात छातीशी घ्यायचे, खुर्चीतून उठायचं, बसायचं, तीस सेकंद. बाईंचं सात वेळा झालं. मग रोजचं सुरू झालं. टाचा उचलून जमिनीवर आपटायच्या, भिंत ढकलायची, एका पायावर उभं राहायचं. पाठीत कळ यायची आणि बाई दातओठ खाऊन भिंत रेटायच्या. शेजारची निवृत्त नर्स म्हणायची, अहो हळू, भिंतीपलीकडे लोक वाचत बसलेत.

आणि काय सांगावं, फरक पडला! दुसऱ्या महिन्यात लेकीला उचलताना दम कमी लागला. तिसऱ्यात तर ती अलगद वर येऊ लागली. बाई हरखून गेल्या. भावाला फोन करून सुनावलं की तुझा फॉर्म तुझ्यापाशीच ठेव. लेकही म्हणायची, आई, तू तर पहिलवान झालीस. संध्याकाळी तिला जेवण नको असायचं, दुपारचा डबा उशिरा खाल्ला म्हणायची, आणि दमलेल्या बाई आग्रह करायच्या नाहीत. तुम्ही म्हणाल, रोज परक्या कमरा मोजणाऱ्या बाईला घरातलं माप दिसलं नाही? लेक सैल झग्यात असायची, न्हाणीत स्टुलावर बसवलं की दार लोटून घ्यायची. पण चेहरा उतरला होता, तो तर दिसत होता. बाईंना तेव्हा फक्त आपले दंड दिसत होते.

तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. आठ. मॅडम खूश, म्हणाली एकाने वाढलं, या वयात चांगलं आहे. बाई हटूनच बसल्या, मोजण्यात चूक झाली, परत घ्या. परत आठच. लेक उशीसारखी वर येते आणि इथे नुसता एक? मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं, मोडलेला मणका, लेक, दिवसातून सहा वेळा. मॅडम रागावली नाही. तिने एकच विचारलं.

"लेकीचं वजन शेवटचं कधी केलंत?"

दुकानात न जाता बाई घरी धावल्या. लेक खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर डबा उघडा, आणि खिडकीबाहेरच्या पत्र्यावर गलेलठ्ठ मांजर तिच्या हातून जेवत होतं. बाईंनी मागून झगा मुठीत धरला. मूठ नुसत्या कापडाने भरली. कापडाखाली बरगड्या होत्या.

बाई ओरडल्या, रडल्या, त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लेक एवढंच म्हणाली, "उचलता येतंय तोवर, असं तूच म्हणालीस ना?"

शब्द मागे घेतला म्हणाल्या बाई. उचलता आलं, नाही आलं, तू कुठेही जाणार नाहीस. डब्यात उरलं होतं त्यातला घास करून त्यांनी तिच्या तोंडाशी धरला. लेकीने तोंड फिरवलं नाही. तीन महिन्यांची भूक होती, नजर घासावरून हलत नव्हती.

"मग मला उचलणार कोण?" तिने विचारलं. "आधी ते सांग, मग खाते."