खालच्या वावराची माती

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी माती चाळत होते. नागपुरात एका खाजगी प्रयोगशाळेत माझं आयुष्य याच कामात गेलं. लोक पिशवीत माती भरून आणतात. मी ती वाळवते, कुटते, चाळते, तपासते आणि काय लावावं, काय लावू नये ते लिहून देते. भाऊ पारशिवनीच्या पलीकडे आमच्या गावी शेती करतो.

"ताई, द्राक्ष लावाचा विचार करून राहिलो मी."

मला हसू आलं. आमच्याकडे संत्रा लावतात, कापूस लावतात. द्राक्षाचा मांडव गावात कुणी पाहिलासुद्धा नव्हता. पण तो नाशिककडच्या बागा दोनदा पाहून आला होता आणि फार गंभीर होता. "तू येऊन माती पाहून दे," तो म्हणाला. "तू नाही म्हटलं तर विषय बंद."

एप्रिलात मी गेले. आमची दोन वावरं आहेत. वरचं उताराचं, हलक्या मातीचं. खालचं नाल्याला लागून, काळंभोर. वडील असताना गव्हाचं खरं पीक खालच्या वावरात व्हायचं. पाहुणा आला की ते त्याला आधी तिकडे न्यायचे, मूठभर माती त्याच्या हातावर ठेवायचे आणि तो काही बोलेपर्यंत थांबायचे.

मी भावाला सांगितलं, वरवरची माती नको, छातीइतके खोल खड्डे हवेत. द्राक्षाचं मूळ खोल जातं. त्याला ओल चालते, पाण्यात उभं राहणं चालत नाही. भावाने स्वतः टिकास धरली, सोबतीला एक मजूर घेतला. वरच्या वावरातले दोन खड्डे दुपारपर्यंत झाले. मी आत उतरून भिंत खरवडून पाहिली. दीड हात माती आणि तिच्याखाली भुसभुशीत मुरूम. त्यात पाणी ओतलं, ते बघता बघता जिरलं.

"इथं लाव," मी म्हटलं. तो लहानपणी हसायचा तसा हसला.

खालच्या वावरातला खड्डा खणायला दुसरा दिवस लागला. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि त्याखाली माती इतकी चिवट की टिकास अडकून बसायची. कमरेइतक्या खोलीवर मातीत पांढरे खडे दिसायला लागले. ते काय आहेत हे मला पाहताक्षणी कळलं, तरी बाटलीतलं सौम्य आम्ल मी त्यावर टाकलं. फस्सकन फेस आला. चुनखडी. अशा मातीत द्राक्षाचं पान पिवळं पडतं, कारण लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. संध्याकाळी आम्ही खड्ड्यात पाणी भरलं. सकाळी गेलो तर ते जवळजवळ तेवढंच होतं. वर एक मेलेला नाकतोडा तरंगत होता.

"इथं नको," मी म्हटलं. "पावसाळ्यात मुळं सडतील."

"अर्धी जमीन इथंच आहे, ताई. बाबा या मातीले लोणी म्हणत."

"गव्हासाठी लोणीच आहे. द्राक्षासाठी नाही."

त्याने काठावरचं एक ढेकूळ पाण्यात टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले ते अजून टोचून राहिलं का?"

"काय?"

"सही."

वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. दोन्ही वावरं त्याच्या नावावर झाली. मी नोकरीवाली, शहरात राहणारी. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. त्यावर आमच्यात तोवर एक शब्द झाला नव्हता.

"काहून असं बोलतो गा?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मग वरचं चांगलं अन् खालचंच काहून वाईट? बाबांचं आवडतं होतं म्हणून?"

त्याची बायको डबा घेऊन बांधावर आली होती. तिने ऐकलं आणि ती तिथंच थांबली. आम्ही तिघं बांधावरच जेवलो. दुपारच्या बसने मी परत निघाले.

बसमध्ये मी स्वतःला विचारत राहिले: फेस आला तेव्हा मला बरं वाटलं होतं का? क्षणभर तरी? प्रयोगशाळेत मी खालच्या मातीचे नमुने तीनदा तपासले. एकदाच पुरतं. तिन्ही वेळा तेच आलं. तरी अहवाल लिहायला बसले की भावाचा आवाज कानात यायचा. 'लागवडीस अयोग्य' हे दोन शब्द मी रोज कुणा ना कुणासाठी लिहिते. भावासाठी ते हातून उतरेनात. शेवटी मी लिहिलं: 'निचरा सुधारल्यास लागवड शक्य.' वाक्य खोटं नव्हतं. पण त्या जमिनीचा निचरा सुधारायचा म्हणजे खोल चर खणून सगळं पाणी बाहेर काढायचं, आणि नाल्याची पातळीच तिथं इतकी वर, की काढलेलं पाणी जाणार कुठं? हे मला माहीत होतं. ते मी लिहिलं नाही.

भावाने दोन्ही वावरांत लागवड केली. पहिलं वर्ष बरं गेलं. फोनवर तो उत्साहाने बोलायचा आणि प्रत्येक वेळी सांगायचा, "खालची बाग वरच्यापेक्षा हिरवी आहे, ताई." मी "छान" म्हणायची आणि फोन ठेवायची. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर भावजयीचा फोन आला. "तुम्ही या," ती म्हणाली. "ते दिवसभर खालच्या वावरातच बसून राह्यतात."

मी गेले. खालच्या मांडवावर पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. भावाने एक वेल उपटून माझ्यापुढे धरला. मुळं काळी पडली होती. बोटांत धरली की साल निघून यायची. मग तो पकड घेऊन मांडवाच्या तारा सोडवायला लागला. मी दुसरं टोक धरलं. दोन ओळी झाल्यावर मी म्हटलं, "मला हे माहीत होतं. अहवालात मी गुळमुळीत लिहिलं. तू सहीचं बोलला म्हणून घाबरले."

"मी वाचलं होतं ते," तो म्हणाला. "समजलंही होतं. तू 'इथं नको' म्हटलं होतं न तोंडानं. मले तुले खोटं पाडाचं होतं."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "खरं सांग. टोचत होतं का तुले?"

"हो," मी म्हटलं. "थोडं टोचत होतं. पण माती तशीच होती."

त्याने मान हलवली आणि तार गुंडाळत राहिला. मी वाट पाहिली, तो आणखी काही बोलेल म्हणून. मलाही बोलायचं होतं: की मला वावर नको होतं, पण निदान कुणी विचारायला हवं होतं. पण तो मांडवाच्या पुढच्या खांबाशी गेला होता.

खालच्या वावरात आता तो पुन्हा गहू घेतो. वरची बाग टिकली आहे. त्याचा फोन येतो, पावसापाण्याचं बोलणं होतं, फवारणीचं होतं. सहीबद्दल त्याने परत विचारलं नाही. मीही विषय काढलेला नाही, आणि कुणी काढावा हे मला अजून ठरवता येत नाही.