ढगळमास्तर आणि वाढत्या अंगाचा पेनड्राइव्ह

गल्लीच्या तोंडाशी जे शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या मालकाला खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. सगळे ढगळमास्तर म्हणतात, आणि तेही बिनतक्रार ओ देतात. नाव का पडलं हे कळायला त्यांनी शिवलेला एक शर्ट अंगात घातला की पुरे. तुम्ही सांगाल अंगासरसा शिवा. मास्तर मान डोलावतील, टेप लावतील, गळा दोनदा मोजतील, आणि शर्ट हातात येईल तेव्हा त्यात तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ गप्पा मारत बसू शकाल. कुरकुर केलीत तर उत्तर ठरलेलं: माणूस काय दिवसेंदिवस कमीच होत जातो का? शिवणीच्या आत बोटभर जास्त माया, म्हणजे राखीव कापड, ठेवायची, बाहीचं टोक आत दुमडायचं, म्हणजे पुढेमागे उसवून वाढवता येतं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी शिवलेला कोट पोट सुटल्यावर कुठे नीट बसला, ही गोष्ट लोक त्यांची चेष्टा म्हणून सांगतात आणि मास्तर स्वतःची कीर्ती म्हणून.

दुसरी सवय भिजवण्याची. कोरं कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री फिरवल्याशिवाय मास्तर कात्री हातात घेत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही. आटायचं ते आधी आटू दे, म्हणतात. दुकानाच्या मागच्या दोरीवर कायम कुणाचं ना कुणाचं ओलं कापड लटकलेलं असतं, आणि ज्याला त्याखालून जावं लागतं त्याच्या मानेवर एक थेंब हमखास पडतो. शेजारपाजाऱ्यांना सवय झाली आहे.

मास्तरांच्या दुकानात कापायचं आणि शिवायचं काम त्यांचं, भरतकाम त्यांच्या बायकोचं. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. नवऱ्याच्या शर्टात हवा खेळते, पण हिच्या टाक्यातून सुईच्या टोकालाही वाट मिळायची नाही. चौकातल्या दवाखान्यातल्या सिस्टरांच्या कोटांवर खिशाच्या कोपऱ्यात एक डहाळी असते: एक देठ, तीन पानं, एक मिटलेली कळी. ती डहाळी बाईंनी स्वतः काढली आहे. सिस्टर बदलतात, डॉक्टर बदलतात, डहाळी तीच.

पण गेल्या काही महिन्यांत बाईंच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही. बरणी त्या मास्तरांसमोर नुसती ठेवतात, झाकण उघडून द्या असं म्हणत नाहीत, आणि मास्तरही काही न बोलता उघडून देतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बारीक काम बंद करा म्हणून बजावलं. बाईंनी मान हलवली आणि घरी येऊन सुईत दोरा ओवला. ओवायला आधी एक क्षण लागायचा. आता मास्तरांची पूर्ण बाही शिवून व्हायची आणि इकडे दोरा नेढ्याबाहेरच.

मास्तरांनी मग कुणालाही न विचारता एक भरतकामाचं मशीन आणलं. बॅगा शिवणारा एक ओळखीचा कारागीर धंदा आवरत होता, त्याच्याकडचं जुनं. रिंगेत कापड ताणून बसवायचं, पेनड्राइव्हवरून नक्षी द्यायची, की मशीन आपलं आपण भरत जातं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर म्हणाली असती सवत आली. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि ती मास्तरांच्या मनात रुतून बसली.

"माझी डहाळी माझ्यासारखी आली, तर मी सुई खाली ठेवीन. दुसऱ्या कुणाची फुलं माझ्या कोटांवर चालायची नाहीत."

दवाखान्याचे नवे कोट कापून तयार होते. सोमवारी द्यायचे. मशीन चाललं नाही तर बाई ते सगळे हातानं भरणार होत्या आणि त्यांची बोटं त्यातच संपणार होती. मास्तरांना झोप लागेना, यात नवल नाही.

दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या कामात असलेल्या लेकीनं आईच्या डहाळीचा फोटो मागवला, तिच्या ओळखीच्या एकाकडून मशीनला कळेल अशी नक्षी करून घेतली आणि पाठवली. ती स्वतःचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होतीच. आता हवा होता तो फक्त पेनड्राइव्ह.

मास्तर मोबाइलच्या दुकानात गेले आणि त्यांनी काय मागितलं असेल? सगळ्यात मोठा. दुकानदारानं विचारलं, काका, ठेवायचं काय आहे त्यात? मास्तर म्हणाले, एक डहाळी. दुकानदार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मास्तरांनी मात्र समजावलं, की आज डहाळी आहे, उद्या झाड होईल, वस्तू नेहमी वाढत्या अंगाची घ्यावी.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते पेनड्राइव्ह भिजवायचं. म्हणजे पाण्यात नाही हो, तेवढं त्यांना कळतं. लेक एकदा म्हणाली होती की फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसून जातं आणि जागा कोरी करकरीत होते. मास्तरांच्या मनात ते लगेच बसलं: नव्या कापडाला पाणी, तसा नव्या पेनड्राइव्हला फॉरमॅट. पडद्यावर खिडकी उघडली. तिच्यात कुठला फॉरमॅट हवा म्हणून दोन नावं होती, एक एनटीएफएस आणि दुसरं एक्सफॅट. मास्तरांनी पहिलं निवडलं, कारण ते उच्चारायला लांबलचक होतं. खाली 'क्विक' असं लिहिलेल्या चौकटीत आधीच बरोबरची खूण होती. ती त्यांनी काढून टाकली. झटपट धुतलेलं कापड पुन्हा आटतं, हे काय त्यांना कुणी सांगायला हवं? झालं. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. मास्तरांनी एक पँट शिवली. जेवण केलं. डुलकी काढली. उठून पाहिलं तर पट्टी अजून अर्ध्यात. शेजारच्या घड्याळवाल्यानं दारातून डोकावून विचारलं, मास्तर, काय शिजतंय? मास्तर म्हणाले, भिजतंय.

संध्याकाळी एकदाचं झालं. डहाळी त्यात उतरवली, पेनड्राइव्ह मशीनच्या फटीत खोचला. मशीननं आपल्या छोट्या पडद्यावर दाखवलं: काहीच नाही. काढला, शर्टाला पुसला, पुन्हा खोचला. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी एक्सफॅट करून पाहिलं, पुन्हा सावकाश, पुन्हा जेवण आणि डुलकी. मशीन ढिम्म. पलीकडे बाई खिडकीशी बसून हातानं भरतच होत्या. टोमण्यापेक्षा वाईट ते.

मास्तरांनी लेकीला फोन लावला. लेक आधी खूप हसली, मग तिनं बापाच्या भाषेत सांगितलं. बाबा, फॉरमॅट म्हणजे नुसतं धुणं नाही, कपाटाला खण पाडणं आहे. काय कुठे ठेवलंय हे शोधायची रीत त्यावर ठरते. एनटीएफएस ही कॉम्प्युटरच्या घरची रीत. एक्सफॅट मोठमोठ्या फायली इकडून तिकडे न्यायला बरी. तुमचं मशीन जुनं, त्याला या दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही. त्याला फॅट थर्टी-टू नावाची जुनी रीत तेवढी येते. तिच्यात एकेक फाइल फार मोठी चालत नाही, पण आईची डहाळी म्हणजे चिमूटभर, तिला काय करायचाय राजवाडा?

मास्तर म्हणाले, अगं, पण ते नाव तर खिडकीत दिसलंच नाही. लेक म्हणाली, दिसायचं नाही, कारण इतक्या मोठ्या पेनड्राइव्हला तुमचा लॅपटॉप तो पर्याय देतच नाही. वेगळं सॉफ्टवेअर घेऊन करता येईल, पण मशीन एवढी मोठी जागा ओळखेल याची खात्री नाही. लहान आणा.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ढगळमास्तरांना तोंडावर सांगितलं होतं, की लहान आणा. टेप गळ्यात असतानाच ते पुन्हा मोबाइलच्या दुकानात गेले.

मोबाइलवाला म्हणाला, इतके छोटे आता येत नाहीत काका. मास्तर परत फिरले, आणि घराच्या उंबऱ्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छोटा पेनड्राइव्ह घरातच होता की! बाईंच्या खिडकीतल्या इवल्याशा स्पीकरला पाठीमागे कायम खोचलेला असे तो. बाई वाण्याकडे गेल्या होत्या. मास्तरांनी तो उपसला, लॅपटॉपला लावला, फॉरमॅटची खिडकी उघडली. आणि काय सांगावं, फॅट थर्टी-टू हे नाव तिथे सगळ्यात वर, जणू वाट बघत बसलेलं. मास्तरांनी 'क्विक'ची खूण काढली. बटण दाबलं. पडद्यावर एक इशारा आला: यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

मास्तर थबकले. नवं कापड निराळं आणि वापरातलं निराळं, एवढं तर शिंप्याला कळायलाच हवं. वापरातलं कापड पाण्यात टाकण्याआधी खिसे चाचपतात. या खिशात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोज ऐकू यायचं खरं, कुणीतरी बाई बोलत असायची, पण शिलाई मशीनच्या खडखडाटात त्यांनी कधी कान दिला नव्हता. सोमवार तोंडावर आला होता. बोट एवढंसं हलवलं की काम फत्ते. त्यांनी बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं. बाई आल्या तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"अगं, जरा बघ इकडे. तुझ्या या पेनड्राइव्हमध्ये काय आहे?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली, पडद्याकडे पाहिलं, रिकाम्या स्पीकरकडे पाहिलं.

"ताई आहे त्यात."

बाईंची थोरली बहीण दूर देशी असते. धाकटीचे डोळे सतत टाक्यावर, तिला वाचायला सवड नाही, म्हणून ती पुस्तकं मोठ्यानं वाचून, आवाज पेनड्राइव्हवर भरून पाठवते. सध्या खुनाची एक जाडजूड कादंबरी चालली होती. ताई मध्येच थांबून स्वतःची मतं देते, सुनेची उणीदुणी काढते, मग म्हणते, हं, कुठे होतो आपण. पाठवून झालं की फोनवरून काढून टाकते, कारण तिच्या फोनला जागा पुरत नाही. म्हणजे जे होतं ते एवढंच, या बोटभर डबीत.

"आणि खुनी अजून सापडलेला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुसणार होतात?"

"विचारलं ना तुला."

"विचारलंत," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. त्यांनी स्वतःच लेकीला फोन लावला. बराच वेळ नुसतं हं, हं चाललं होतं. मग त्यांनी लेकीच्या सांगण्यावरून इकडे तिकडे बोट दाबलं, एका ओळीवर टेकवलं आणि मास्तरांना पुढे ओढलं. तिथे लिहिलं होतं, की हा पेनड्राइव्ह आधीपासूनच फॅट थर्टी-टू आहे. त्या स्पीकरलासुद्धा तेवढीच रीत कळते. काही पुसायचं नाही, काही भिजवायचं नाही, ताईच्या बाजूला डहाळी ठेवून द्यायची. जागा मुबलक.

"आणि ज्याला धुवायची गरज नाही, त्याला धुवायला निघाला होतात," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी निमूटपणे आयुष्यातलं पहिलं काम न भिजवता केलं.

मशीनच्या फटीत तो लहानगा पेनड्राइव्ह गेला, आणि छोट्या पडद्यावर एक देठ, तीन पानं, एक कळी उमटली. पहिली डहाळी त्यांनी एका चिंधीवर भरली. सुई टकटकत होती, बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, मास्तर सुईकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भरून झाल्यावर बाईंनी चिंधी उजेडात धरली. मागची बाजू पाहिली. अंगठा फिरवला.

"पानं माझी आहेत," त्या म्हणाल्या. "देठ ताठ आलाय, काठी गिळल्यासारखा. आणि कापड ओढलं जातंय. खाली दुहेरी कागद द्या."

मास्तरांनी कागद दिला. दुसऱ्या चिंधीवर कापड ओढलं गेलं नाही. देठ ताठच राहिला. बाईंनी त्याच्याकडे मान तिरकी करून खूप वेळ पाहिलं. मग बाईंनी खिडकीतल्या आपल्या जागेवर जाऊन सुईतला दोरा ओढून काढला, सुई सुयांच्या गादीत टोचली, आणि परत येऊन मास्तरांना कोपरानं बाजूला केलं.

"सरका. रिंग मी लावणार. तुम्ही लावली तर कोटाचा तंबू व्हायचा."

नक्षी एकदा मशीननं उचलली की पेनड्राइव्ह काढला तरी चालतं, हे त्यांनीच शोधलं. त्यांनी तो उपसून स्पीकरला लावला. ताई बोलू लागली, सुनेबद्दल काहीतरी, मग कादंबरी. बाई मशीनपाशी स्टुलावर बसल्या. हात मांडीवर. रिकामे. त्यांना ते कसे ठेवावेत हे कळत नसावं, कारण त्या एकदा उजवा डाव्यावर ठेवत आणि एकदा डावा उजव्यावर. सुजलेली बोटं अधूनमधून आपसूक हलत, टाका घातल्यासारखी, आणि मग थांबत. मास्तर ते बघत राहिले. डहाळी संपली, मशीन थांबलं, तरी बघत राहिले.

"अहो," बाई कादंबरीतून कान न काढता म्हणाल्या, "बघत काय बसलात? पुढचा कोट द्या."