दार वाजल्याचा दिवा

मी नर्स होते. वडीगोद्रीच्या बाजूच्या एका उपकेंद्रात माझी बहुतेक नोकरी गेली. बाईच्या पोटावर नळी टेकवायची, तिला कान लावायचा आणि आतल्या बाळाचे ठोके शोधायचे, हे काम मी इतकं केलं की बाहेर ट्रॅक्टर धडधडत असला तरी मला ठोके बराबर सापडायचे. निवृत्त झाल्यावर अंबडच्या घरी मुलगा-सुनेजवळ कायमची राहायला आले आणि काही वर्षांनी तेच कान गेले. एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले, मोबाईलची रिंग, चिमण्या, बायकांचं हळू बोलणं. मग दारावरची थाप गेली. मुलानं जालन्याला नेऊन कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते घातलं की भांड्याचा आवाज खिळा ठोकल्यासारखा यायचा आणि माणसाचं बोलणं मात्र होतं तिथंच राहायचं. मी ते डबीत ठेवून दिलं.

ऐकू येईनासं झालं की घरात काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. सगळे बोलत असतात आणि आपण तोंडाकडे बघत असतो. कुणी हसलं की वाटतं, आपल्यावरच हसलं. आपण खोलीत गेलो आणि बोलणं थांबलं की वाटतं, आपलंच चाललं होतं. विचारलं तर उत्तर येतं, ‘काही न्हाई.’ या दोन शब्दांइतका राग मला दुसऱ्या कशाचा आलेला आठवत नाही.

माझ्या संशयाला कारणही होतं. सून लहान मुलांच्या शिकवण्या घेते. आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून तिनं एक खोली भाड्यानं घेतली होती. मालकानं ती खोली परत मागितली हे मला शेजारणीकडून कळलं. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. माझी खोली रस्त्याकडची, दार थेट ओट्यावर उघडणारं, शिकवणीला अगदी सोयीची. मागं एक अंधारी नसली तरी बारकी खोली आहे, तिथं गाद्या आणि गव्हाची कोठी असते. मी मनात दोन खोल्यांचा हिशेब मांडला आणि त्या दिवसापासून दोघांच्या ओठांवर नजर ठेवून बसले.

दिवाळीची सुट्टी संपताना माझ्या भाचीची मुलगी आली. ती संभाजीनगरला डिझाइनचं शिकते. डिझाइन म्हणजे कपड्यावरची नक्षी, अशी माझी समजूत. तिनं समोर बसून, मोठ्यानं सांगितलं की तसं नाही. रोजच्या वापरातल्या वस्तू आणि सोयी माणसाला सोप्या करून द्यायच्या, हा त्यांचा अभ्यास. कॉलेजनं सांगितलं होतं की एक खरं माणूस निवडा, त्याचा दिवस बघा, त्याला उपयोगी पडेल असं काही बनवा आणि त्याच्याकडूनच वापरून घ्या. तिच्याबरोबर एक मैत्रीण होती, उंच, चष्मा लावणारी, फारसं न बोलणारी.

मी विचारलं, एवढ्या माणसांतून मीच कशी सापडले?

भाचीची मुलगी आधी माझ्या सुनेकडे बघून मग माझ्याकडे वळली. “मामीनं सुचवलं, आजी.”

तेवढं मला पुरलं. सुनेनं माणसं आणली आहेत, ती माझी परीक्षा घेणार आणि म्हातारीला काही जमत नाही असं लिहून देणार, मग गाद्यांच्या खोलीत माझी रवानगी. मी हसून पोरींना चहा दिला आणि ठरवलं की आपण सापडायचं नाही.

दोघी दोन दिवस राहिल्या. मी स्वयंपाकघरात गेले की एक तिथं, ओट्यावर गेले की दुसरी तिथं. त्यांचे प्रश्नही विचित्र. आतून कडी लावून झोपता का? एकट्या असताना कुणी आलं तर कसं कळतं? जेवताना कुठल्या खुर्चीवर बसता? तुम्हाला हाक कोण कशी मारतं? कोर्टात पढवलेला साक्षीदार बोलतो तशी मी उत्तरं दिली. दार वाजलेलं कळतं. कडी लावत नाही. सगळं ऐकू येतं, फक्त कधी कधी लक्ष नसतं. चष्मेवाली माझ्याकडे शांतपणे बघत राहायची. तिला पटलं नाही, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून टेप काढली. माझ्या पलंगापासून दारापर्यंत मापं घेतली, मग जेवायच्या टेबलापासून खिडकीपर्यंत, आणि शेवटी मागच्या खोलीत गेल्या. सूनही त्यांच्याबरोबर गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत गेले. सुनेचं तोंड माझ्याकडे होतं. पूर्ण वाक्य कळलं नाही, पण ‘मागं’ आणि ‘आईंची खोली’ एवढं मी तिच्या ओठांवर स्वच्छ वाचलं. मला बघून ती थांबली.

रात्री जेवताना मी मुलाला विचारलं की ही मापं कशाची घेऊन राह्यल्यात. तो ताटाकडे बघतच बोलला. त्यातलं मला अर्धंच कळलं. पोरी कॉलेजचं काम करतात, तू उगीच काहीबाही डोक्यात घेऊ नको, असं काहीसं. मी ताट उचलून उठले.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या, दोन पांढऱ्या डब्या घेऊन. पोळ्यांचा लहान डबा असतो तेवढ्या. बाहेरच्या दारावर एक बटन बसवलं. ते दाबलं की डबी पिवळ्या उजेडानं उघडझाप करायची. एक माझ्या खोलीत ठेवली, एक स्वयंपाकघरात. मला बटन दाबायला लावलं, मग आत बसवून त्यांनी दाबलं. दिवा लागला. वस्तू चांगली होती, हे मी तेव्हाही कबूल केलं, पण मनातल्या मनात. कारण डबीच्या पुढच्या बाजूला एक काळा ठिपका होता. तो कशाचा, असं विचारल्यावर भाचीची मुलगी म्हणाली की खोलीत अंधार आहे की उजेड, ते त्याला कळतं आणि रात्री दिवा डोळ्यावर येत नाही. मला तो कॅमेरा वाटला. त्या गेल्यावर मी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

पहिले आठ-दहा दिवस दिव्यानं काम चोख केलं. गॅसवाला दारावरून परत गेला नाही. पोस्टमन आला तेही कळलं. मला थोडं बरं वाटायला लागलं होतं. आणि मग एका दुपारी दिवा लागला, मी दार उघडलं, तर बाहेर कुणी नाही. मला वाटलं, गल्लीतली पोरं. दुसऱ्या दिवशी परत तसंच. पोरं शाळेत गेलेली, गल्ली रिकामी, आणि दिवा मात्र लागलेला.

एकदा सून घरात असताना हे झालं. मी धावत दारापाशी गेले. तिनं मागून येऊन हातानंच काय झालं म्हणून विचारलं. कुणीतरी आलंय, मी म्हणाले. तिनं रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं आणि मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर कीव होती. मी आयुष्यभर आजारी माणसांच्या नातेवाइकांचे चेहरे बघितले आहेत. डॉक्टरांनी काही सांगायच्या आधी ते जसे होतात, तसा तो चेहरा होता. संध्याकाळी तिनं ते मुलाला सांगितलं, तेही मी बघितलं. मग माझी खात्रीच पटली. हा दिवा यासाठीच आहे. नसलेली माणसं मला दाखवायची आणि म्हणायचं, आईंना भास होऊन राह्यलेत.

मी कुणाशी भांडले नाही. चोर पकडायचा तर दाराशी बसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सून शिकवणीच्या खोलीवर गेल्यावर मी प्लास्टिकची खुर्ची ओट्यावर आणली, डबी मांडीवर घेतली आणि बसले. आमच्या दारावरचं बटन माझ्या डोळ्यांसमोर होतं. कुणी दाबायला आलं असतं तर मला दिसलंच असतं. बराच वेळ काही झालं नाही. उन्हानं डोळे मिटायला लागले. तेवढ्यात एक कुरिअरवाला गाडीवरून आला. समोरच्या घरात बँकेतला एक मुलगा आणि त्याची बायको नवीनच राहायला आलेत, त्यांच्या दाराशी त्यानं गाडी लावली आणि त्यांची बेल दाबली.

माझ्या मांडीवरचा दिवा लागला.

कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. मी उठले, डबी हातात घेऊन गल्ली ओलांडली आणि समोरची बेल स्वतः दाबली. दिवा परत लागला. बँकवाल्याची बायको दार उघडून उभी राहिली. माझं तिच्याकडे काहीच काम नव्हतं, म्हणून खरं तेच सांगितलं, “बाई, तुमची बेल माझ्या घरात वाजते.” मी डबी दाखवली. तिनं परत बटन दाबून बघितलं आणि हसायला लागली. कितीतरी दिवसांनी समोरचं माणूस कशाला हसतंय हे मला कळत होतं. मीही हसले.

सून आली तशी मी तिला हाताला धरून समोरच्या दाराशी नेलं. बटन तिलाच दाबायला लावलं. दिवा लागलेला तिनं बघितला. घरी येऊन ओट्याच्या पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मग खाली मान घालून काहीतरी बोलली. मी तिला म्हणाले, इकडं तोंड कर, मला दिसू दे. तिनं मान वर केली.

“मला वाटलं होतं, तुमच्या डोक्यावर परिणाम झाला,” ती म्हणाली.

आता इथवर आलंच आहे, तर मीही सरळ विचारलं. “माझी खोली पाहिजे का तुला शिकवणीला?”

तिनं पदर खाली सोडला. मग मान हलवली. हो.

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. मला बरंही वाटलं आणि वाईटही. “मंग विचारलं का न्हाई?”

“कसं विचारू, आई? तुमच्याशी बोलायचं म्हणजे वरडून बोलावं लागतं. असलं बोलणं वरडून कसं करायचं? गल्लीनं ऐकलं असतं, सून सासूला खोलीतून काढून राह्यली म्हणून.”

काही गोष्टी हळूच बोलायच्या असतात, आणि माझ्या घरात हळू बोलायची सोयच उरली नव्हती. पोरींना कशाला बोलावलंस, एवढं तरी मी विचारून घेतलं. तेव्हा तिनं सांगितलं की दसऱ्याच्या सुमारास एकदा मी आतून कडी लावून दुपारी झोपले होते आणि ती बाहेर उभी होती. तिनं दार वाजवलं, खिडकी वाजवली, फोन केला. माझं काहीच उत्तर नाही. तिला वाटलं, मी गेले. ती मुलाला फोन करणार तेवढ्यात मी आपणहून उठून दार उघडलं होतं आणि वर तिलाच बोलले होते की अशी भुतासारखी काय उभी राहिलीस. त्या दिवशीचं तिचं पांढरं तोंड मला आठवलं. मी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता.

बेलचं कळवल्यावर पोरी लगेच आल्या. दोन्ही बेल बिनतारी, बाजारात मिळणाऱ्या एकाच जातीच्या होत्या म्हणून एकीचा इशारा दुसरीला जात होता. त्यांनी आमची बदलून घेतली. भाचीच्या मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चष्मेवालीनं मात्र माझ्या डबीवरची चिकटपट्टी बघितली, ती तशीच ठेवली आणि काही विचारलं नाही. मला ती मुलगी तेव्हापासून आवडायला लागली.

जेवताना ती टेबलाच्या एका टोकाला बसून नुसती बघत होती. मग तिनं मला उठवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीवर बसली. म्हणाली की इथून सगळ्यांच्या मागं खिडकी येते. आजींच्या डोळ्यांवर उजेड आणि बोलणाऱ्यांची तोंडं काळोखात, मग ओठ दिसणार कसे? तिनं खुर्च्यांची अदलाबदल केली. खिडकी माझ्या पाठीशी आली आणि सुनेचा, मुलाचा चेहरा उजेडात आला. बोलायच्या आधी टेबलावर हात आपटायचा, आजी बघतील तेव्हाच बोलायचं, पाठीमागून बोलायचं नाही, हेही तिनं दोघांना बजावलं. “ही काही वस्तू न्हाई,” ती म्हणाली, “पण करून बघा.”

त्या दिवशी मला जेवणावरचं बहुतेक बोलणं कळलं. मुलगा मोसंबीच्या भावाबद्दल बोलला, सून एका मुलाच्या पाढ्यांबद्दल. इतकं साधं बोलतात हे, असं वाटून माझी जरा निराशाच झाली.

मी पोरींना विचारून घेतलं की त्या दिवशी मागच्या खोलीत काय चाललं होतं. भाचीची मुलगी म्हणाली की कुठल्या खोलीत उजेड कसा येतो ते बघत होतो. मग ‘आईंची खोली’ कशाला आली बोलण्यात? ते तिला आठवेना. आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते मला अजून माहीत नाही.

खोली मी सगळी दिली नाही. संध्याकाळी शिकवणीपुरती दिली. तेवढा वेळ मी ओट्यावर बसते, थंडी असली तर आत स्वयंपाकघरात. पलंग माझा तिथंच आहे आणि पलंगावर पोरांनी बसायचं नाही, ही माझी अट आहे.

कॉलेजात पोरींचं काम सगळ्यांना दाखवलं गेलं तेव्हा एका सरांनी विचारलं म्हणे, की डबी ठीक आहे, पण खुर्च्या फिरवल्या यात तुम्ही बनवलं काय? चष्मेवाली त्यांच्याशी चांगलीच भांडली. भाचीच्या मुलीनं हे सगळं मला समोर बसून, उजेडाकडे तोंड करून सांगितलं.

परवा मुलगा आणि सून ओट्यापाशी उभे राहून बोलत होते. मी गेले तशी दोघं थांबली. आता मी गप्प बसत नाही. समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, काय चाललंय? सून म्हणाली, कुकरचं रबर गेलं, तेच सांगत होते. मी म्हणाले, दाखव. तिनं आत नेऊन दाखवलं. रबर खरंच फाटलेलं होतं. पण बोलणं रबराचंच चाललं होतं, हे काही त्यावरून ठरत नाही.