पाशेदचे गार रांजण

पाशेद कुंभार थडग्यांतली हाडं कुटून चिखलात घालतो, म्हणून त्याच्या रांजणातलं पाणी मेलेल्याच्या तळपायासारखं गार राहतं, अशी कुजबुज गावात सुरू झाली. कुणी केली ते काय सांगायचं? वेबखेत, मुकादमाची बायको, नदीवरून येणाऱ्या पाण्याच्या गाढवांची वाट बघत बसे, आणि रिकामं बसणं तिला कधी जमलं नाही.

पुढे डोंगरउतारावरचं एक जुनं थडगं फोडलेलं सापडलं आणि गंमत संपली. असल्या चोरीला नाक-कान कापायची शिक्षा. त्यात पाशेद चिखल मळायचा तो दार लावून. सणाला देवाची पालखी निघेल तेव्हा देवालाच विचारायचं ठरलं. पालखी पुढे आली तर होय, मागे सरली तर नाही. पालखीचे भोई गावातलेच, त्यात एक वेबखेतचा भाऊ.

आदल्या संध्याकाळी पाशेदची बायको नोजमेत त्याच्यापुढे भाकरी-कांदा ठेवून म्हणाली, "अहो, सांगून टाका ना एकदाचं."

"सांगितलं तर माझे रांजण कोण घेईल?"

"आणि नाक गेल्यावर तुम्हाला कोण घेईल? मी तर नाही."

पाशेदनं कांदा फोडला.

सणाला मुकादमानं प्रश्न विचारला. वेबखेतच्या भावाला देवापेक्षा जास्त घाई. पालखी त्याच्या बाजूनं पुढे झुकली. बाकीच्यांचे पाय मात्र अडले. पाशेदनं जमिनीला डोकं टेकवलं.

"देवा, आधी माझा चिखल बघ. मग काय ते सांग."

देवासकट अख्खं गाव त्याच्या झोपडीशी गेलं. पाशेदनं दार सताड उघडलं, कोपऱ्यातली टोपली ओल्या चिखलात उपडी केली आणि पायांनी तुडवू लागला. बायकांनी नाकाला पदर लावले. गाढववाला खाली बघून हसत होता. टोपली त्यानंच भरून दिली होती. वेबखेत सकाळीच पाशेदच्या रांजणातल्या पाण्याचे चार घोट पिऊन आली होती, तिला ते आता आठवलं. पालखी झपकन मागे सरली. देवाच्या मर्जीनं की वासानं, ते भोयांनी कधी कबूल केलं नाही.

पाशेदचं नाक वाचलं. रांजण मात्र बरेच दिवस कुणी नेईना. मग उन्हाळा तापला, आणि भर दुपारी, गाव झोपलेलं बघून, वेबखेत स्वतःच एक घेऊन गेली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

हाडं कधीच नव्हती. गाढवाची लीद होती. भट्टीत ती जळते, रांजणाला बारीक छिद्रं पडतात, पाणी पाझरतं आणि वाऱ्यानं गार होतं.