जायफळ, अर्धा वेढा

स्वारगेटजवळ बस सिग्नलला थांबली तेव्हा बद्रीनाथने सहज मोबाइलवर पुस्तक उघडलं. विजयमालाबाईंचं ‘बाळगुटी आणि घरगुती उपाय’. पंचवीस वर्षांपूर्वी धायरीतल्या त्याच्या एका खोलीच्या घरात त्यानेच त्याची कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी केली होती. आता त्याचं ई-बुक झालं होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात बदलण्याचं कामही त्यानेच केलं होतं. शुक्रवारी पुस्तक वाचकांसाठी खुलं झालं, आज मंगळवार.

बाळगुटीच्या पानावर त्याची नजर अडकली. ‘जायफळ, २ वेढे.’

सहाणेवर जायफळाचा अर्धाच वेढा उगाळायचा असतो, हे त्याला पाठ होतं; जास्त झालं तर तान्ह्या बाळाला गुंगी येते. जुन्या फॉन्टमधली अर्ध्याची खूण बदलताना दोन झाली होती. ‘वेढा’चं ‘वेढे’ मात्र त्याने स्वतःच केलं होतं, व्याकरण म्हणून. वेलांट्या, जोडाक्षरं सगळं तपासलं आणि आकडे तेवढे राहिले!

“काहून नाही पाहिलं मी?” घाबरला की त्याच्या तोंडी वाशीमची बोली यायची. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. तो तिथेच उतरला आणि प्रकाशनातल्या शौनकला फोन लावला.

“सर, टेन्शन नका घेऊ. करेक्ट फाइल टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे.”

“आणि ज्यांनी आधीच घेतलंय?”

“एकशे त्रेचाळीस डाउनलोड आहेत. त्यांच्याकडे जुनीच राहणार. नाव-नंबर आपल्याला दिसत नाहीत.”

छापील पुस्तकात चूक राहिली की तो दुकानोदुकानी जाऊन प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवून यायचा. इथे कुठे जायचं? एकशे त्रेचाळीस घरं, आणि त्यांतल्या किती घरांत तान्हं मूल?

तो तडक कोथरूडला बाईंकडे गेला. शहात्तर वर्षांच्या विजयमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

“मीही पाहिलं नाही. मुखपृष्ठ छान झालंय म्हणून सगळ्यांना दाखवत बसले.” मग ताठ बसून म्हणाल्या, “अहो, असे उभे काय राहिलात? तो मोबाइल धरा, व्हिडिओ काढा. मी बोलते.”

त्यांनी चूक सांगितली, योग्य प्रमाण सांगितलं, आणि दोन वेढे दिले असतील तर बाळाला लगेच डॉक्टरांना दाखवा, असं दोनदा बजावलं. खाली बद्रीनाथचा नंबर दिला. शौनकने तो व्हिडिओ मिळेल त्या ग्रुपवर टाकला.

दुपारी हडपसरहून अक्षता नावाच्या मुलीचा फोन आला. “काका, मी काल दिले हो दोन वेढे. बाळ फारच झोपतंय.”

“फोन ठेवा. आधी दवाखान्यात जा!”

पुढचे तीन तास त्याने घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला: डॉक्टरांनी तपासलं, थोडा वेळ ठेवून घेतलं, आता दूध पितंय. बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि बद्रीनाथ तिथेच खुर्चीत तोंड झाकून रडला.

आठवडाभरात एकतीस वाचकांनी कळवलं. बाकीच्यांनी व्हिडिओ पाहिला की नाही, कुणालाच माहीत नाही. अनोळखी नंबर दिसला की बद्रीनाथ अजूनही जेवणावरून उठतो.